खाऱ्या विहिरीचं पाणी

सगळा दोष माझ्या मामाचा. आधीच सांगून ठेवतो, नाहीतर ऐकता ऐकता तुम्ही मलाच हसाल. वडनेरात त्याचं खत-बियाण्यांचं दुकान. अख्खा तालुका या माणसाला कपाशीचा डॉक्टर मानतो. तालुका येडा आहे, दुसरं काय!

कॉलेज सोडून मी त्याच्याकडे पोती उचलत होतो. तेवढ्यात मामीची मैत्रीण आली, रत्नागिरीकडची. काम काय, तर समुद्रातलं शेवाळ वाढवणं. हसू नका! तिकडे खडकांवर शेवाळाचं जंगलच असतं म्हणे. मासे त्यात अंडी घालतात, पिल्लं लपतात. ते जंगल उजाड होत चाललंय, म्हणून या बाई टाकीत रोपं वाढवून परत खडकांवर लावतात. गावच्या शाळेत दाखवायला त्यांनी काचेच्या टाकीत थोडे झुपके आणले होते.

नागपूरला निघताना मला म्हणाल्या, "मी येईपर्यंत सांभाळ. नीट सांभाळलंस तर आमच्या रोपवाटिकेत तुलाच नेते, माणूस हवाच आहे. पाणी बदलायची वेळ आली तर खारंच घाल हं. गोडं नको."

समुद्रावर नोकरी! मामापासून सुटका! मी टाकीसमोर स्टूल टाकून बसलो, माशी बसू देईना.

मामाने चष्मा वर केला. "काऊन रे, हे तपकिरी काऊन दिसून राह्यलं?"

"असंच असते म्हणे."

"असंच असते? जिंदगी पऱ्हाटीत गेली माही! याले लाल्या झाला, लाल्या! मेलं त नोकरी देईन का ते बाई तुले?"

पऱ्हाटी म्हणजे कपाशी, आणि लाल्या म्हणजे ती लाल पाडून वाळवणारा रोग.

"मंग काय करू?"

"पाणी बदल पह्यले. कोणतं सांगतलं तिनं?"

"खारं."

"मंग? खारी विहीर आजानं कायले खोदली?"

आमच्याकडे ज्या पाण्यात डाळ शिजत नाही ते खारं. तुम्हीच सांगा, यात माझं काय चुकलं? विचारायला बाईंकडे मोबाइल नव्हता. तेव्हा गावात कोणाकडेच नव्हता. टेबलाखाली त्यांचे पांढरे कॅन होते, पण "फवाऱ्याचं औषध असन, हात नको लावजो" हा मामाचा हुकूम.

मी बादल्या ओढल्या. वरून मामाने मूठभर युरिया फेकला. दोन दिवसांत पाणी हिरवंगार!

"पाह्य! हिरवं झालं का नाई?" मामा गिऱ्हाइकं बोलावून दाखवू लागला. एका म्हाताऱ्याने तर विचारलं, "भाजी होते का याची?"

मग वास सुटला. मामी म्हणाली, "उंदीर मेला वाटते कुठं."

"उंदीर नाई मामी," मी ऐटीत, "झाड जोर धरून राह्यलं!"

बाई आल्या. झुपका उचलला, तर बोटांतून शेंबडासारखा गळला.

"पाणी कुठलं घातलंस?"

"खारंच!" मी छाती काढली. "खाऱ्या विहिरीचं. तुमच्या औषधाच्या कॅनला कोणाले हात नाई लावू देल्ला!"

बाईंनी एक कॅन उघडला, माझ्या तळहातावर थोडं ओतलं. "चाख."

चाखलं. मीठ! नुसतं मीठ!

"समुद्राचं पाणी आहे. रत्नागिरीहून इथवर मी हे कोणासाठी वाहून आणलं होतं?"

मी मामाकडे पाहिलं. मामा छताकडे बघत म्हणतो, "म्या त तवाच म्हणलं होतं, बाईले विचार."

रोपवाटिकेत बाईंनी दुसरा माणूस ठेवला. मी समुद्र अजून पाहिलेला नाही.