रस्त्यापलीकडची शाखा

माझा नवरा वॉल्टर स्टाडनिक एका जागी बसेल तर शपथ. कुबासा, म्हणजे आमचं लसणीचं सॉसेज, धुरीच्या खोलीत टांगलं की दार उघडायचं नसतं. हे त्याच्याच वडिलांनी त्याला शिकवलेलं, आणि हा घडीघडी दार उघडून आत डोकावणार. त्या मार्चमध्ये तर त्याने अख्खी खेप कच्चट करून ठेवली.

त्याच्या जिवाला घोर लागला होता तो नावाचा. सत्त्याण्णव साल. इंटरनेटवर दुकानाचा पत्ता हवा, आणि शेवटी ‘डॉट सीए’ लावलेला, आपल्या कॅनडाचाच हवा, असं त्याने डोक्यात घेतलं होतं. तेव्हाचा नियम मोठा खट्याळ. धंदा एकाच प्रांतात असेल तर नावामागे प्रांताचं आणि गावाचं शेपूट यायचं. नुसतं ‘स्टाडनिक डॉट सीए’ हवं तर दोन प्रांतांत धंदा दाखवा. शिवाय नाव एकच, जो आधी मागेल त्याचं. कॅल्गरीत आमचेच एक आडनावबंधू होते, बडे सॉसेजवाले, दोन प्रांतांत दुकानं असलेले. तेही हेच नाव मागणार अशी कुणकुण लागली.

“आमच्या बाबांचं नाव त्या यंत्रवाल्यांच्या हाती?” वॉल्टर नुसता येरझारा घालत होता. “त्यांनी जन्मात हाताने मांस मळलंय का?”

आमचं गाव लॉइडमिन्स्टर. प्रांतांची सीमा भर बाजारातल्या रस्त्यावरून जाते. आमचं दुकान अल्बर्टात, समोरची दुकानं सस्कॅचेवानमध्ये, आणि गावात कुणाच्या ते ध्यानीमनीही नसतं. समोर दुकान होतं ते वॉल्टरच्या धाकट्या भावाचं, मेट्रोचं. सासरे गेल्यावर कुबासात लसूण किती घालायची यावरून दोघांची जुंपली. मेट्रोने सरळ रस्ता ओलांडून वेगळी चूल मांडली, आणि तेव्हापासून बोलणं बंद. गाव मात्र दोन्ही दुकानांना ‘स्टाडनिककडे’ असंच म्हणायचं.

एका सकाळी वॉल्टर म्हणाला, “अर्ज केला मी.”

“आणि दुसऱ्या प्रांतातलं दुकान कुठून आणलंस?”

त्याने हनुवटीनेच खिडकीबाहेर दाखवलं.

“मेट्रोचं? विचारलंस त्याला?”

“त्यात विचारायचं काय? पाटीवर आडनाव तेच. सगळं गाव एकच धरतं.”

“धन्य आहे तुझी! गाव धरतं म्हणून ते नावं देणारे व्हँकूवरचे लोक धरतील? त्यांनी मेट्रोला फोन केला तर?”

“करणार आहेत,” तो खाली बघत म्हणाला. “आज.”

मेट्रोने एवढंच म्हणायचा अवकाश, की मी कुणाची शाखा नाही. अर्ज खोटा ठरणार, नाव कॅल्गरीला जाणार, आणि भावाभावांत उरलासुरला धागाही तुटणार. वॉल्टर खिडकीशी जाई, परत येई, सुऱ्या पुसे, पुसलेल्याच पुन्हा पुसे. शेवटी माझं डोकं फिरलं. त्याची बाही धरली आणि चिखलबर्फातून ओढतच त्याला पलीकडे नेलं.

आत गेलो तर मेट्रोच्या कानाला फोन होता.

“हो, ऐकतोय,” तो म्हणत होता. मग त्याची नजर आमच्यावर पडली. चेहरा लालबुंद झाला. फोनवरचा माणूस ‘हॅलो, हॅलो’ करताना मलाही ऐकू येत होता.

“हो साहेब,” मेट्रो म्हणाला. “दोन्ही दुकानं आमचीच. एकच धंदा आहे. माझा थोरला भाऊ इथेच उभा आहे.”

त्याने फोन ठेवला.

“मेट्रो, मी तुला...”

“तू बोलूच नकोस! माझं दुकान, आणि मला न विचारता स्वतःच्या नावावर दाखवलंस. लाज नाही वाटली?”

“वाटली रे.”

“वहिनी, बघताय ना याला?” मेट्रोने ॲप्रनने तोंड पुसलं, डोळेही पुसले, आणि पुन्हा भावाकडे वळला. “न विचारता घुसता येत होतं ना तुला, दादा? मग इतकी वर्षं कसली वाट बघत बसलास?”