‘गाड्या सोडल्या’ म्हणजे काय

माझे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, साखर कारखान्याच्या फाटकावर कामाला होते. उसाच्या बैलगाड्या नंबराप्रमाणे आत घ्यायच्या, एवढंच काम. ते त्यांनी इतकं चोख केलं, की सख्ख्या मेव्हण्याची, म्हणजे माझी गाडी उन्हात वाळत ठेवली. “दाजी, जरा आमच्याकडं बघा की,” म्हणालो, तर म्हणाले, “बघतोय की. लई लांब दिसताय.”

अशा माणसाला नंबर डावलून गाड्या आत घेतल्याबद्दल बडतर्फ केलं! बाहत्तरच्या आसपासची गोष्ट. आठवली की अजून माझी कानशिलं तापतात.

झालं असं. एका दुपारी कारखान्याचं गाळप बंद पडलं. पाथर्डीकडच्या तोडणीवाल्यांच्या गाड्या फाटकाबाहेर तटलेल्या, बैलांच्या मानेवर जू, तोंडाला फेस. दाजींनी स्वतः जाऊन जुवं उतरवली आणि बैलं सावलीला बांधली. आमच्याकडे याला गाड्या सोडणं म्हणतात. त्याच गडबडीत एका वजनदार सभासदाच्या गाड्या मागच्या वाटेनं आत गेल्या. वजनदार हे मी उसाबद्दल म्हणत नाही.

आरोपपत्र आलं ते इंग्रजीत, आणि दाजींनी ते कुणाकडून वाचूनही घेतलं नाही. चौकशीत साहेबांनी विचारलं, “गाड्या सोडल्या?” दाजींना वाटलं, न विचारता बैलं सोडली म्हणून साहेब चिडलेत. छाती काढून म्हणाले, “व्हय, सोडल्या. हाल बघवंनात.” साहेबांनी लिहिलं, आरोप कबूल. कामगार न्यायालयात तोच प्रश्न, तेच उत्तर, वर “फुडंबी सोडीन” हा आहेर! नंबर डावलून गाड्या आत सोडल्याचं शाबीत झालं, बडतर्फी योग्य ठरली. निकालही इंग्रजीतच. कित्येक महिन्यांनी तो माझ्या हाती आला आणि मी मराठीत सांगितला, तेव्हा दाजी ओरडले, “आत? आत कुनी सोडल्या?” तोवर वर दाद मागायची मुदत टळून गेली होती.

मग नगरचे एक वकील गाठले. “सोडल्या म्हणजे नेमकं काय केलंत?” त्यांनी विचारलं. दाजी उठले आणि शेजारी बसलेल्या अनोळखी पक्षकाराच्या मानेवरून नसलेलं जू उचलून दाखवलं. तो बिचारा मान चोळत बसला. वकील खूश. बेकायदा बडतर्फीचा दिवाणी दावा लागला.

न्यायाधीश शेतकऱ्याच्या घरचे निघाले. गालात हसून म्हणाले, “सोडल्या म्हणजे जू उतरवलं, असंच ना?”

“व्हय सायेब!” दाजींचा आवाज फुटला. मी तर मनात पेढे वाटायला घेतले होते.

तेवढ्यात कारखान्याचे वकील उठले आणि एकच शब्द बोलले, “पूर्वन्याय.” तोच कामगार, तोच कारखाना, तोच प्रश्न. एका न्यायालयानं एकदा ठरवलं, म्हणजे दुसऱ्यानं ते पुन्हा उकरायचं नाही.

न्यायाधीशांचं हसू गेलं. “तुमचं खरंही असेल. पण ते तिथं सांगायचं होतं, नाहीतर मुदतीत वर जायचं होतं. आता मला त्यात शिरता येत नाही.”

“मंग तुमाला पटलं, तेवढं तरी लिवा सायेब.”

“तेही लिहिता येत नाही.”

दावा फेटाळला.

भांडणं कुठंतरी संपली पाहिजेत, हे मलाही कळतं. पण हे भांडण संपलं नव्हतं हो, ते सुरूच झालं नव्हतं! ज्याला प्रश्नच कळला नाही, त्याचं उत्तर कायमचं दगडात कोरलं, आणि त्याला नाव काय, तर न्याय! तोही पूर्वीच झालेला!

बाहेर पायऱ्यांवर मी कारखान्याच्या वकिलांना आडवा गेलो. “तुम्हाला तरी कळलं ना, सोडणं म्हणजे काय?”

“पहिल्या दिवशीच,” ते शांतपणे म्हणाले. “आमच्याही दावणीला बैलं आहेत.”

माझा हात उठला होता. दाजींनी तो धरला.

संध्याकाळी घरी पोचलो. बहीण उंबऱ्यातच उभी होती. दाजी म्हणाले, “सायबाला पटलं माजं.”

“आगं बया!” तिचं तोंड उजळलं. “मंग कामाव हजर कवा व्हायचं?”

दाजी पाय धुवायला मोरीकडे गेले. तिला सांगायचं माझ्यावर आलं. मी दोनदा समजावलं, तिसऱ्यांदा ओरडून समजावलं. ती पुन्हा पुन्हा एवढंच विचारत राहिली, “पटलं ना त्यांला? मंग?”