बाहेरची कड

नको तिथं नाक खुपसायची खोड मला लहानपणापासून. आई म्हणायची, ही पोरगी विहिरीत डोकावता डोकावता एक दिवस आत पडणार. विहिरीत काही पडले नाही, पण सांगलीच्या स्केटिंग रिंकवर सपाटून पडले, आणि तेही चोविशी ओलांडल्यावर.

मी तेव्हा तिथल्या एका लॅबमध्ये कामाला होते. दिवसभर लोकांच्या दंडातून रक्त काढायचं आणि संध्याकाळी चालत खोलीवर यायचं. वाटेत हा रिंक लागायचा. पोरं चाकांचे बूट घालून सुसाट धावायची. त्यात काय एवढं बघायचं? पण एका कोपऱ्यात माझ्याच वयाची एक मुलगी असायची. फरशीवर रंगानं आखलेल्या मोठ्या गोलावरून ती एका पायावर गोगलगायीसारखी फिरायची. गोल पुरा झाला की थांबायची, वाकून रेषेकडं बघायची, तोंड वाकडं करायची आणि पुन्हा तेच. हिचं काही हरवलंय की काय? बरेच दिवस मी कठड्याला टेकून बघत राहिले. शेवटी राहवेना, विचारलंच.

"फिगर म्हणतात याला," ती म्हणाली. "रेषेवरून चाक सुटू द्यायचं नाही आणि दुसरा पाय टेकवायचा नाही."

"मग पहिली कोण येते? लवकर पोचेल ती?"

"पोचायचंय कुठं? निघालो तिथंच यायचं असतं."

आता हे ऐकून माणसाला झोप लागेल? मला तर दुसरंच कोडं पडलं होतं. ही पाय वळवत नाही, चाकं वळत नाहीत, मग गोल होतो कसा? दुसऱ्या दिवशी तिथल्या सरांना गाठलं. सर जत भागातले, बोलणं आमच्याकडचंच. म्हणाले, "पाय वळवायचाच न्हाई. बुटाच्या बाहेरच्या कडंवर वजन द्यायचं. कड दिली की गोल आपसूक हुतोय. खोटं वाटत आसंल तर घाल बूट."

घातले. आणि आपटले. पण पडायच्या आधी क्षणभर अंग कललं, आणि पाय खरंच आपला आपण वळायला लागला! ती गंमत काही केल्या डोक्यातून जाईना. पोरं मला काकू म्हणायची. म्हणू देत. मी रोज जायला लागले.

त्या मुलीनं मला एवढं प्रेमानं का शिकवलं, हे नंतर कळलं. मोठ्या मुलींच्या गटात ती एकटीच होती, आणि एकटीसाठी स्पर्धा घेत नाहीत. कुणीतरी दुसरी येईल म्हणून बिचारी वाट बघत गोल काढत बसली होती. मी गेले होते चौकशीला आणि झाले प्रतिस्पर्धी.

गावाकडं, कवठे महांकाळच्या अलीकडं, आमची मेंढरं आणि थोडी द्राक्षबाग. अण्णा, म्हणजे माझे वडील, जत्रेत गजी नाचणारे. हातात रुमाल, ढोलाच्या ठेक्यावर गोल रिंगण, पहाट होईस्तोवर. त्यांना वाटलं असतं तर माझं गोल फिरणं सगळ्यात आधी त्यांनाच कळलं असतं. पण कुठलं काय! फोनवर एकच पालुपद, "वय काय तुजं आन् करतीस काय? बरोबरीच्या पोरींची लेकरं शाळंला जायाला लागली." कांद्याच्या भावावरून निघालेलं बोलणंसुद्धा माझ्या वयावर येऊनच थांबायचं. मला राग यायचा, आणि खरं सांगायचं तर भीतीही वाटायची. म्हातारा बरोबर बोलत असेल तर? म्हणून मी मनाशी ठरवलं होतं, नंबर गेला खड्ड्यात. लोकांसमोर एकदा, पाय न टेकवता गोल पुरा होतो का माझ्याच्यानं, एवढंच बघायचं. नाही झाला तर बूट काढून ठेवायचे आणि अण्णा म्हणतील ते ऐकायचं.

स्पर्धा साताऱ्यात होती. अण्णा उंब्रजला पाहुण्यांकडं आले होते. म्हणाले, "आलोच हाय तर तसाच फुडं येतो. बगू तरी काय दिवं लावतीस." येऊन पायरीवर बसले आणि इकडं तिकडं बघायला लागले.

"ढोल कुठाय?"

"ढोल नसतो अण्णा. याला गाणं-बिणं काही नसतं."

"आन् नुसतंच गोल फिरायचं? मुक्यानं?" त्यांना माझी खरोखर दया आली असावी.

आमच्या गटात आम्ही दोघीच. पहिली पाळी उजव्या पायाची, दुसरी डाव्या पायाची. तिची उजव्या पायाची पाळी सुरेख झाली. मग मी निघाले. निम्मा गोल ठीक गेला, मग बूट आतल्या बाजूला कलंडला, चाक रेष सोडून गेलं आणि दुसरा पाय टेकला. पुण्याहून आलेल्या परीक्षक बाईंनी मला टेबलाजवळ बोलावलं.

"तुमची एज चुकलीये," त्या म्हणाल्या. "याचे मार्क देता येणार नाहीत."

मी विचारलं, "नक्की चुकलीय?"

"हो ना. बघितल्या बघितल्या लक्षात आलं माझ्या."

बघितल्या बघितल्या! म्हणजे एवढी थोराड दिसते मी? आयुष्यभर चौकशा करणारी मी, नेमकी तिथं काही न विचारता माघारी फिरले. पायरीवर येऊन नाड्या सोडायला लागले. डोळे भरून आले होते.

"काय गं, बूट का काढतीस?" अण्णांनी विचारलं.

"माझं वय चुकलंय म्हणत्यात."

आता हे म्हणणार, मी कवाधरनं सांगतोय. मी खाली मान घालून वाट बघत होते. पण अण्णा उठले, टोपी नीट केली, कडेला चपला काढल्या आणि अनवाणी त्या गुळगुळीत फरशीवरून सरळ टेबलाकडं गेले.

"आवं बाई, वय कसं चुकंल? माज्या डोळ्यादेखत जलमली पोरगी. मी साठीला आलो तरी गजीत नाचतोय, मला कोण म्हणत न्हाई वय चुकलं म्हणून. हिचं वय एकदम बराबर हाय. आधार कार्ड दावू?"

बाई गोंधळून गेल्या. "वय? अहो आजोबा, मी वयाचं कुठं म्हणाले? एज! स्केटची एज!"

"त्येच की वं! एज म्हंजे वय. एवढं कळतंय मला. पोरगी शिकवलीया मी."

तेवढ्यात आमचे सर कपाळाला हात लावत धावत आले. "आवं कड! कड म्हणत्यात त्या! बाहेरची कड!"

सरांनी आम्हाला सगळं 'कड' म्हणूनच शिकवलं होतं. 'एज' हा शब्द त्या अर्थानं मी जन्मात ऐकला नव्हता. बाई हसून हसून टेबलावर डोकं ठेवायच्या बाकी राहिल्या. अण्णा मात्र हसले नाहीत. "मग कड म्हणा की सरळ," ते म्हणाले. "पोरीचं वय कशाला काढताय?"

डाव्या पायाची पाळी अजून राहिली होती. मी नाड्या पुन्हा आवळल्या. या वेळी घाई केली नाही. बाहेरच्या कडेवर वजन दिलं आणि रेषेकडं बघत राहिले. चाकांची घरघर तेवढी ऐकू येत होती. मधेच गुडघा थरथरला, आता गेलं असं वाटलं, पण कड सुटली नाही. निघाले होते तिथं येऊन थांबले. पाय टेकला नव्हता! मला ओरडावंसं वाटलं आणि मी ओरडलेसुद्धा. परीक्षक बाईंनी वर बघितलं आणि पुन्हा हसल्या.

दोघींत दुसरी आले. अण्णांनी एसटी स्टँडवरून आईला फोन लावला. "दुसरी आली," मोठ्यानं म्हणाले. "कितीजणीत ते घरी आल्यावर सांगतो."

चहा घेताना माझी जुनी खोड पुन्हा जागी झाली. म्हटलं, "अण्णा, एक विचारू? तुमीच तर सारखं म्हणायचा, हे वय हाय का म्हणून. मग तिथं का भांडलात?"

त्यांनी बशीतला चहा संपवला, मिशी पुसली.

"मी म्हणीन," ते म्हणाले. "त्या बाईनं का म्हणायचं?"