थोरलीची लाल रिबन

भोईर सरांना मी प्रथम पाहिले ते खालापूरच्या आमच्या धर्मादाय दवाखान्यात, ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस. सर खोलीत आले आणि कॉन्व्हेंटच्या सवयीने मी ताडकन उभी राहून "गुड मॉर्निंग सर, मी सुनीता" म्हटले. सर दचकून मागे पाहू लागले. "बसा हो सुनीताबाई, मी कर्जतच्या भातशेतीतला माणूस. माझ्यासाठी उभं राहतात ती फक्त आमची गुरं."

देणगीत मिळालेले दोन संगणक सरांच्या हवाली होते. एक खालापूरला, दुसरा कर्जतच्या शाखेत. रुग्णांच्या नोंदी मी खालापूरला करत असे. दिवसभरातले बदल फ्लॉपीवर उतरवून, ती जेवणाच्या डब्यात ठेवून सर एस.टी.ने कर्जतला नेत आणि तिथल्या संगणकात भरत. एकाला काही झाले तर दुसरा तयार हवा, हा त्यांचा आग्रह. विश्वस्त थट्टा करत, "भोईर, आज डब्यात भाजी कसली?" सर हसत, पण डबा एक दिवसही चुकला नाही.

आम्ही खालापूरच्या यंत्राला थोरली आणि कर्जतच्या यंत्राला धाकटी म्हणत असू. थोरलीला माझ्या शाळेतली लाल रिबन बांधलेली असे. सरांचा नियम एकच: रिबन जिच्याकडे, तिचेच दुसरीने ऐकायचे.

एका श्रावणात पाताळगंगा नदीचे पाणी खालापूरच्या खोलीत शिरले. थोरली बंद पडली, रुग्णांच्या कागदी कार्डांचा लगदा झाला. सरांनी चिखलातून रिबन सोडवली, धुतली आणि कर्जतच्या संगणकाला बांधली. "आता हीच थोरली." दुसऱ्या सकाळपासून काम तिथे सुरू झाले. पुढच्या आठ दिवसांत डोंगरवाडीच्या काळूबाई आल्या. इंजेक्शनने त्यांचा श्वास कोंडला, सरांनी धावत डॉक्टरांना आणले. "बाय, ती सुई आमाला नाय चालत, लिवून ठेव गं," त्या मला म्हणाल्या. मी लिहिले. कार्डे नव्हतीच, नोंद फक्त यंत्रात.

नवव्या दिवशी खालापूरचे यंत्र दुरुस्त झाले. मला इतका आनंद झाला की कुणाला न विचारता मी रिबन नेऊन तिला बांधली, तिच्यातल्या सगळ्या नोंदींची फ्लॉपी भरली आणि कर्जतला येऊन ती संगणकात घातली. कळ दाबणार, तोच सर दारात.

"थांबा! रिबन कुठं हाय?"

"खालापूरला बांधली, सर. आपली थोरली बरी होऊन आली."

सरांनी आधी फ्लॉपी बाहेर काढली. मग खुर्ची ओढून बसले. "अहो, आली ती बरं झालं. पण या आठ दिवसांचं तिला काय ठाऊक? तिचं जुनं यात भरलं असतं, तर काळूबाईंची ती ओळ पुसली गेली असती. आधी हिनं तिला सगळं सांगायचं. मग रिबन."

सरांनी चहा मागवला आणि उलट दिशेची फ्लॉपी माझ्याच हाताने भरवून घेतली. मग माझ्याबरोबर खालापूरला आले आणि काळूबाईंची ओळ तिथल्या पडद्यावर दिसेपर्यंत ते माझ्या शेजारी उभे होते. विश्वस्तांना त्यांनी यातले अक्षरही कळू दिले नाही. ते आज मीच सांगते आहे.

सर लेकीकडे परगावी गेले, त्याला बरीच वर्षे झाली. संध्याकाळी एस.टी.चा हॉर्न वाजला की अजूनही माझी नजर दाराकडे जाते. काळूबाई आता काठी टेकत येतात आणि विचारतात, "भोईरसायब कवा येनार?" मी म्हणते, येतील.

सर, पंच्याहत्तरी गाठलीत. प्रकृती जपा, शंभरी आम्हाला बघायची आहे. आणि एकदा घरी, आपल्या दवाखान्यात या. आल्या आल्या तुम्हाला कामाला जुंपणार नाही. कोण गेले, कुणाला नातवंडे झाली, तुमच्या खोलीत आता काय आहे, हे सगळे आधी सांगू. चहा दोनदा होईल. रिबन माझ्या कपाटात आहे, धुऊन ठेवलेली.