सकाळच्या गोळीला दोन खाचा

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, पप्पांना तर नाहीच. बोलून सांगायला मला जमणार नाही – मी मुळात कमी बोलते – म्हणून लिहिते आहे. समोर तुम्ही आहात असं धरून.

वालूरला आमचं मेडिकल आहे. पप्पा त्यात तीस वर्षांपासून बसतात. गावात त्यांना सगळे आप्पा म्हणतात. सरकारी दवाखान्यात चिठ्ठी लिहून मिळते, पण ती वाचून घ्यायला लोक आमच्याकडे येतात. कोणती गोळी कधी, जेवणाआधी की नंतर, पोराला ताप आहे तर आंघोळ घालायची का – हे सगळं आमच्या काउंटरवर विचारलं जातं. बीपी मोजायलाही माणसं आमच्याच बाकावर येऊन बसतात. दवाखान्यात कुणाला एवढा वेळ असतो?

मी परभणीला मावशीकडे राहून इंग्रजी शाळेत शिकले. मग फार्मसीची पदवी. परत आले तेव्हा पप्पांनी काचेच्या दारावर माझं नाव डिग्रीसकट लिहून घेतलं. मला वाटलं होतं – काय वाटलं होतं? की लोक ते नाव वाचतील. पण आमच्याकडे येणाऱ्यांतल्या निम्म्यांना वाचता येत नाही, आणि ज्यांना येतं ते दाराकडे बघत नाहीत. ते बघायचे वर्षाकडे.

वर्षा माझ्याहून वर्षभराने मोठी. सेलूच्या कॉलेजातून फार्मसीचा डिप्लोमा केलेली, गावातलीच, भीमनगरातली. मी शिकत होते तेव्हापासून ती पप्पांच्या हाताखाली होती. पप्पांना ती काका म्हणायची आणि मला ताई. मोठी असून ताई. दारातून माणूस आत आला की माझ्यावरून नजर सरकवत विचारायचा, “वर्षा न्हाई का?” मी समोर उभी असायचे. पांढरा कोट घातलेली, इस्त्रीचा. तरी.

ती काय करायची ते मी कॉम्प्युटरमागून बघत बसायचे. बायकांशी ती त्यांच्याच बोलीत बोलायची. “आत्या, गोळी घ्यायलीस का नुसती उशाखाली ठेवायलीस?” आत्या हसायची, मग हळूच कबूल करायची की आठ दिवस घेतलीच नाही. मला कुणी असं काही कबूल करत नसे. मी विचारलं की सगळ्या म्हणायच्या, “घेते की मॅडम.” मॅडम. तुम्हाला कुणी आपल्याच गावात मॅडम म्हटलंय का?

आणि त्या खाचा. वाचता न येणाऱ्यांसाठी, डोळे गेलेल्यांसाठी वर्षा गोळ्यांच्या स्ट्रिपच्या कडेला कात्रीने छोटी खाच मारून द्यायची. अंगठा फिरवला की कळावं, ही सकाळची, ही रात्रीची. पाकिटावर लिहिलेलं पुसतं, पाकीट हरवतं, पण खाच शेवटच्या गोळीपर्यंत राहते. इतकी साधी गोष्ट. माझ्या चार वर्षांच्या पुस्तकांत नव्हती. एकदा पप्पा औषध कंपनीच्या माणसाला कौतुकाने सांगत होते, “आमच्या पोरीची आयडिया हाय ही.” आमच्या पोरीची. मी मागे डबे लावत होते. हातातला डबा मी पुन्हा पुन्हा तिथल्या तिथेच ठेवत राहिले.

खाचांची पद्धत मी तिला कधी विचारली नाही. विचारलं असतं तर तिने तिथल्या तिथे दाखवलं असतं, हसत. तेच नको होतं. मी लांबूनच पाहून ठरवलं – एक खाच सकाळची, दोन खाचा रात्रीच्या. चार-पाच जणांच्या बाबतीत मी ते ताडून पाहिलं होतं, बरोबर निघालं होतं. नियम कळला, असं मी मनात म्हटलं. मला नियम लवकर कळतात.

त्या दुपारी पप्पा जेवायला घरी गेले होते. समोरच्या आळीत एक बाळंतीण होती, तिला लोहाच्या गोळ्या समजावून सांगायला वर्षा गेली होती. मी एकटी. आणि सोजरआजी आली.

सोजरआजी शुगरची आणि बीपीची पेशंट. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, एकाचं ऑपरेशन झालेलं, पण उपयोग नाही. काउंटरची कड चाचपत ती माझ्यासमोर आली आणि म्हणाली, “वर्षा, दे गं माय माझ्या गोळ्या.”

मी ‘वर्षा नाही’ म्हणायला तोंड उघडलं. आणि म्हटलंच नाही.

मी फक्त “हं” म्हणाले. एवढंच. माझा आवाज तसाही कुणाला ओळखू येत नाही, मी त्यांच्यापुढे बोलते कुठे? मी दोन्ही स्ट्रिप काढल्या. आजी बोलत राहिली – शेरडीला पिल्लू झालं, सुनेचा गुडघा दुखतो, जावई दिवाळीला आला न्हाई. मला आजवर तिने यातलं काही सांगितलं नव्हतं. मी कात्री घेतली. शुगरच्या गोळीला, सकाळच्या, एक खाच. बीपीच्या गोळीला, रात्रीच्या, दोन. स्ट्रिप तिच्या हातात दिल्या तेव्हा तिने माझा हात धरून ठेवला, वरून थोपटला. म्हणाली, “तू हायस म्हणून बरं हाय बघ. त्या आप्पाच्या पोरीला काय इचारावं, ती तर बोलत बी न्हाई.”

तो हात माझा होता. ते थोपटणं माझं नव्हतं. मला दोन्ही कळत होतं आणि तरी मी हात काढून घेतला नाही. किती वेळ? तिने सोडेपर्यंत.

वर्षा परत आल्यावर मी तिला सांगितलं नाही की आजी येऊन गेली. का नाही सांगितलं? सांगितलं असतं तर तिने विचारलं असतं, खाचा मारल्या का, कशा मारल्या. आणि मग सगळं तिथेच थांबलं असतं. एक वाक्य होतं फक्त.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन वर आलं तरी सोजरआजीच्या शेरड्या बांधलेल्याच होत्या आणि ओरडत होत्या. सून बघायला गेली तर आजी घामाने भिजलेली, हाक मारली तर ओ नाही. तिचा मुलगा ज्ञानोबा जीपमध्ये घालून तिला सेलूला घेऊन गेला. शुगर फार खाली गेली होती. रात्री भाकरीचा चतकोर खाऊन तिने बीपीची समजून शुगरची गोळी घेतली होती. आजी वाचली. ते मी आधीच सांगते, कारण तुम्हाला तिची काळजी वाटत असेल. मला त्या सकाळी पहिल्यांदा कशाची वाटली, ते पुढे येईलच.

तिसऱ्या दिवशी ज्ञानोबा दुकानात आला. स्ट्रिप त्याने काउंटरवर ठेवली, शांतपणे. “आप्पा, डॉक्टर इचारायलेत, रातच्याला ही गोळी कुणी दिली? आई म्हणती, वर्षानं खूण करून दिली. एक खाच हाय बघा.”

पप्पांनी वर्षाकडे पाहिलं. वर्षाने स्ट्रिप उचलली. बघितली नाही – अंगठा फिरवला. “काका, ही खाच माझी न्हाई,” ती म्हणाली. “मी तिरकी मारते, ही सरळ हाय. आन् आजीला सकाळच्या दोन लागतात. सकाळी ती दोन शेरड्या सोडती म्हणून दोन, रातच्याला एकली झोपती म्हणून एक. तिनंच ठरवलंय ते. मी एक कशाला मारीन?”

तेव्हा मला कळलं. नियम नव्हताच. ती प्रत्येकाला विचारायची, तुला काय लक्षात राहील? आणि तसं मारायची. माणसागणिक वेगळं. माझे ते चार-पाच जण योगायोगाने एकसारखे होते.

मग पप्पांनी माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं, संशय नव्हता त्यात. आणि मी बोलले. जी मी कधी बोलत नाही, ती बोलले – इंग्रजीत. सरळ, स्पष्ट, शाळेत वक्तृत्वाला बोलायचे तसं. मी म्हणाले, मी त्या दुपारी कॉम्प्युटरवर होते, आजीला वर्षानेच गोळ्या दिल्या, मी पाहिलं, आणि मला तर ही खाचांची पद्धत माहीतही नाही.

इंग्रजीत का? पप्पांना माझं इंग्रजी पूर्ण समजत नाही, पण ते ऐकलं की त्यांचा चेहरा बदलतो. पैसे भरून, पोरीला लांब ठेवून शिकवल्याचं सार्थक झालं असा. आणि वर्षाला ते समजत होतं, शब्द न् शब्द, पण त्याच भाषेत उलट बोलता येत नव्हतं. हे दोन्ही मला माहीत होतं. बोलायच्या आधी माहीत होतं. आणखी एक माहीत होतं – आमच्या घरात महादेवाची तसबीर आहे आणि तिच्या घरात बुद्धाची, आणि गावात चूक कुणाची म्हटलं की लोक आधी कुठल्या घराकडे बघतात. पप्पा तसे नाहीत. पण ज्ञानोबाच्या मागे बाकावर तिघे बसले होते, आणि माझ्या इंग्रजीतलं वर्षाचं नाव तेवढं त्यांना पुरेसं होतं. त्यातला एक म्हणाला, “जाऊ द्या आप्पा, कुणाच्या बी हातात मेडिकल देत असतेत का?”

वर्षा त्याच्याकडे वळली नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. तिला सगळं कळलं होतं, हे मी तुम्हाला शपथेवर सांगू शकते. पप्पा म्हणाले, “वर्षा, उद्यापासून काउंटरला नको. आत माल लावायचं बघ.” तिने कोट काढला, चार घड्या घातल्या, कॉम्प्युटरशेजारी ठेवला, माझ्या हाताजवळ. आणि हळू आवाजात मला म्हणाली, “ताई, सोजरआजीच्या सकाळच्या दोन. ध्यानात ठेवा.”

एवढंच. मला वाटलं होतं शिवी देईल. शिवी दिली असती तर मी आज हे लिहिलं नसतं बहुतेक.

माल लावायला ती आलीच नाही. मला हवं होतं ते मिळालं – काउंटर माझं झालं. लोक यायचे, विचारायचे, “वर्षा न्हाई का?” आणि मी नाही म्हणायचे. मग ते गोळ्या घेऊन निमूट जायचे. बाकावर बसायचं कमी झालं. बीपी मोजून घ्यायला आता दोघं-तिघं येतात.

खाचा मी मारते. प्रत्येकाला विचारते, तुला काय ध्यानात राहील? बायका आधी बुजतात, मग सांगतात. मी तिरकी खाच मारायला शिकले. परवा एकजण पप्पांना म्हणाला, “तुमच्या पोरीनं लय डोकं लावलंय.” पप्पा हसले. मीही हसले.

मागच्या महिन्यात सेलूला गेले होते. बसस्टँडच्या रस्त्याला एका मेडिकलच्या काउंटरमागे वर्षा दिसली. समोर पाच-सहा बायका, सगळ्या एकदम बोलत होत्या आणि ती एकीची स्ट्रिप हातात धरून हसत होती. त्या बायकांत काठी टेकून सोजरआजी होती. वालूरहून सेलूला, मोतीबिंदूचे डोळे घेऊन, जीपमध्ये बसून ती गोळ्यांसाठी येते. मी रस्त्याच्या पलीकडे उभी राहिले. तुम्हाला वाटेल मला लाज वाटली. नंतर वाटली. पहिल्यांदा जे आलं ते तेच होतं, जुनं – की त्या सगळ्या हिच्याकडेच का?

त्या सकाळीही, शेरड्या ओरडत होत्या असं कळलं तेव्हा, मला आजीची काळजी दुसऱ्यांदा वाटली. पहिल्यांदा वाटलं, बरं झालं, तिने वर्षा म्हणून हाक मारली होती.

रस्ता न ओलांडता मी परत फिरले.

ती एका खाचेची स्ट्रिप ज्ञानोबा काउंटरवरच विसरून गेला होता. माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. कधी कधी मी तिच्या कडेवरून अंगठा फिरवते. सोजरआजीच्या सकाळच्या गोळीला दोन खाचा. मला पाठ आहे. ती आमच्याकडे येत नाही.