समजा, ऑप-अँप आदर्श आहे

‘समजा, ऑप-अँप आदर्श आहे,’ असं शहापूरच्या वर्गात मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आलो. त्या ‘समजा’चा आता मला भयंकर संताप येतो.

मुरबाडला ताईची खुडूक कोंबडी अंड्यांवर बसली होती. मी तिला उठवलं, अंडी बल्बच्या पेटीत मांडली आणि तापमापक स्वतः बनवला. सेन्सरचं चिमुकलं व्होल्टेज ऑप-अँपची चिप शेकडो पटींनी वाढवणार आणि काटा ऊब दाखवणार! काटा हवा तिथेच होता. ताईनं अंडं गालाला लावलं.

“गार हाय रे!”

“काटा बघ ना! समज, चिप बिनचूक आहे...”

“काट्यातून पिल्लू निघनार हाय का?”

चिडून मी सेन्सरच्या जागी नुसती तार जोडली, म्हणजे आत येणारं व्होल्टेज शून्य. काटा शून्यावर यायला हवा होता, पण मेला बराच वर! चिप स्वतःचंच इवलंसं व्होल्टेज घुसडत होती. गणितात ते मी शून्य धरलं आणि सर्किटात शेकडो पटींनी वाढवलं. अंड्यांत किती जीव उरला असेल, या विचारानं स्वतःच्याच कानाखाली वाजवावीशी वाटली.

ताई कोंबडीला परत अंड्यांवर बसवू लागली. मी मदतीला हात घातला, तर कोंबडीनं कडकडून टोचलं.

“समज, चुकून टोचली!” ताई म्हणाली. ती हसत नव्हती.