अक्काचं हप्त्यावरचं घर

माझी थोरली बहीण, आमची अक्का, बेलापुरात ज्या दोन खोल्यांत भाड्यानं राहत होती, त्याच तिनं पुढं विकत घेतल्या. दाजी भाजीचा टेम्पो चालवायचे, अक्का ब्लाउज शिवायची. माझी शाळेतली नोकरी श्रीरामपूरला, म्हणून मीही तिच्याकडंच राहत होते. घरमालक म्हणजे शेजारच्या खोलीतले निवृत्त गुरुजी. बायको वारलेली, मुलगी अकोल्याकडं दिलेली, मुलगा पुण्यात. त्यांचं दोन्ही वेळचं ताट अक्काकडूनच जायचं. मेथीत कूट कमी पडलं की ते भिंतीपलीकडून सांगायचे, आणि अक्का इकडून ओरडायची, "उद्या तुमीच करा!"

विषय गुरुजींनीच काढला. "पोरी, जन्मभर भाडंच भरणार का? बँक तुम्हाला कर्ज देत नाही ना, मग या खोल्यांचे पैसे मलाच हप्त्यानं दे. फिटले की खरेदीखत करून देतो."

दाजींनी स्टँपपेपर आणला, सह्या झाल्या, नोटरीचा शिक्का बसला. त्या दिवशी अक्कानं पुरणाच्या पोळ्या केल्या. मग दाराला निळा रंग आला, मोरीला फरशी बसली, अंगणात कढीपत्ता लागला. करार सरकारी कचेरीत नोंदवावा लागतो, हे घरात कुणाच्या डोक्यातही आलं नाही. आमच्यात आणि गुरुजींमध्ये कागद लागतोय कशाला, असंच सगळ्यांना वाटायचं.

काही वर्षं हप्ते वेळेवर गेले. मग एका दुपारी पतसंस्थेची दोन माणसं आली आणि दारावर नोटीस चिकटवून गेली. गुरुजींनी मुलाच्या धंद्यासाठी हेच घर तारण ठेवलं होतं, तेही आमच्याशी करार झाल्यावर. मुलानं कर्ज थकवलं होतं. आता घराचा लिलाव होणार होता.

श्रीरामपूरच्या वकीलबाईंनी आमचा करार वाचला आणि चष्मा काढून ठेवला. "हा नोंदवलेला नाही. उताऱ्यावर आजही गुरुजींचंच नाव आहे. तारण देताना पतसंस्थेला तुमचा करार दिसणार कुठं? मधेच ते वारले असते, किंवा त्यांनी घर दुसऱ्याला विकलं असतं, तरी तुम्हाला कोर्टातच यावं लागलं असतं."

"पण राहतो आमी. रंग आमी दिला," अक्का म्हणाली.

"रंग दिल्यानं घर नावावर होत नाही, ताई."

घरी आल्यावर दाजी म्हणाले, "त्या माणसाचं ताट बंद कर." ते बंद करायची गरजच पडली नाही. सकाळचं ताट गुरुजींनी तसंच उंबऱ्यावर ठेवलं होतं.

संध्याकाळी अक्का ताट घेऊन त्यांच्या दारात उभी राहिली. मी मागं होते. गुरुजी खाटेवर भिंतीकडं तोंड करून बसले होते.

"पोराचा फोन आला, रडत होता. नाही म्हणता आलं नाही," ते म्हणाले. "तुला तोंड कसं दाखवू?"

"माझ्या जिवाला लई लागलंय, गुरुजी. न्हाई लागलं असं म्हणणार न्हाई." तिनं ताट त्यांच्यापुढं ठेवलं. "पण तुमी उपाशी बसून माझं घर वाचणार हाय का? जेवा, आन् उद्या माझ्यासंगं चला."

ते जेवले. भाजीबद्दल काही बोलले नाहीत.

वकीलबाई आणि गुरुजी पतसंस्थेत बरेच दिवस हेलपाटे घालत राहिले. शेवटी असं ठरलं, की राहिलेले हप्ते थेट पतसंस्थेत भरायचे, कर्ज फिटलं की तारण उतरवायचं, आणि पतसंस्थेच्या संमतीनं करार रीतसर नोंदवून घ्यायचा. गुरुजींच्या हातात यापुढं काही पडणार नव्हतं. त्यांनी एका शब्दानं हरकत घेतली नाही.

कर्ज फिटल्यावर खरेदीखताचा दिवस आला. गुरुजींची मुलगी जीप, मग दोन एसट्या बदलून संमतीची सही द्यायला आली. मुलगा आला नाही. घर गुरुजींच्या स्वतःच्या कमाईचं असल्यामुळं त्याच्यावाचून अडलं नाही. अडलं ते अंगठ्यावर. नोंदणी कचेरीतल्या मशीनवर गुरुजींचा ठसा काही केल्या उमटेना. कारकून वैतागला. अक्कानं त्यांचा अंगठा हातात घेतला, पदरानं घासून पुसला आणि स्वतःच दाबून धरला. मशीन वाजलं. गुरुजींचे डोळे भरून आले, आणि इतका वेळ सगळ्यांकडं पाठ करून खिडकीशी उभे असलेले दाजी पुढं झाले आणि त्यांनी गुरुजींना धरून बाकावर बसवलं.

बाहेर रसवंतीत दाजींनीच सगळ्यांना रस पाजला. गुरुजींनी बिनबर्फाचा मागितला, आणि आलं जास्त झालंय म्हणून रसवाल्याला सुनावलं. अक्का माझ्याकडं बघून हसली आणि तिनं ग्लास तोंडाला लावला.